लहान यंत्राची कदर

स्वस्त, हलक्या लॅपटॉपवर लिनक्स वापरणाऱ्याला एक घुसमट चांगलीच ओळखीची असते. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडे, शेजारी लिबरऑफिसमध्ये अर्धवट लेख. चार जीबी रॅम भरत येते. माउसचा बाण आधी अडखळतो, मग जागीच खिळतो. टाइप केलेला शब्द कितीतरी वेळाने उमटतो. मेमरी पुरतीच संपली, तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एखादा प्रोग्रॅम बंद पाडतो. बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवणारा, म्हणजे नेमका आपल्या कामाचा.

हे दुखणं जुनं आहे. २००७ साली एसुसचा ‘ई पीसी ७०१’ आला. वजन किलोच्या आत, पडदा सात इंची, रॅम ५१२ एमबी, साठवण चार जीबी आणि आत लिनक्स. पडद्याची उंची अवघी ४८० पिक्सेल. सेटिंगची खिडकी त्याहून उंच निघाली, की ‘ओके’चं बटण खाली कडेपलीकडे जाई. मग ऑल्ट दाबून धरायचं, अख्खी खिडकी माउसने वर ओढायची, तेव्हा कुठे ते बटण हाती लागायचं. खिडकी आखणाऱ्याच्या समोर मोठा पडदा होता, एवढंच त्याचं कारण.

आजही कारण तेच: प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं यंत्र मोठं असतं. कित्येक ॲप्स स्वतःबरोबर आख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन येतात. ३२ जीबीच्या ईएमएमसी साठवणीवर अशी ॲप्स बसवत गेलं, की पुढच्या अपडेटला जागा अपुरी पडू लागते. एआरएम प्रोसेसर असला, तर केवळ इंटेलसाठी बांधलेला प्रोग्रॅम सरळ चालतच नाही. रॅममधला मजकूर आवळून ठेवणारं झेडरॅम लावावं, एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा. श्वास मोकळा होतो, पण ब्राउझरची भूक तेवढीच राहते.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते हेलसिंकीत, स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. त्या ३८६चा आधार कर्नलने २०१२च्या अखेरीस काढला. ते योग्यच झालं. इतकं जुनं ओझं कुणी किती वाहावं? पण चार जीबीचा लॅपटॉप जुना नाही, तो दुकानात नवा विकला गेला आहे. कित्येक घरांत मुलांच्या अभ्यासाला तेवढाच एक संगणक असतो. त्याची रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. पैसे जमले तरी ती वाढवता येत नाही. ती पुरवून वापरणं मुख्यतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती आहे. म्हणून प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम लोकांना देण्याआधी अशा एका लॅपटॉपवर दिवसभर चालवून पाहावा. मुक्त सॉफ्टवेअर सर्वांचं, असं म्हणायचा हक्क त्यानंतरच मिळतो.