काट्यामागची धावपळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचे पैसे पडत, हवा मात्र फुकट. अट एकच, पंप आपला आपण मारायचा. दुकानात दोन पंप होते, त्यांतल्या एकाचा वायसर कायम गेलेला, म्हणून चांगल्या पंपासाठी थांबावं लागे. पायपट्टीवर दोन्ही पाय रोवायचे, दांडा वर ओढायचा आणि अंगाचा भार टाकून खाली रेटायचा. पहिले काही हात हलके जात. मग दांडा अडायला लागे, आणि शेवटी तर मीच पंपावर टांगलेला असे. दुकानवाले चाचा अंगठ्याने टायर दाबून बघत आणि ‘बस्स’ म्हणत.

एव्हाना पंपाच्या बुडाला हात लावला तर चटका बसायचा. घासून तापतो, असं सगळे सांगत. वायसर नळीला घासतो हे खरंच. पण तेवढंच कारण असतं तर नळी वरपासून खालपर्यंत सारखी तापली असती. ती तापायची बुडाशी, जिथे हवा चेपली जाते तिथे. वॉलट्यूब काढून भरलेली हवा सोडली की ती मात्र बोटांना गार लागायची.

शाळेत बॉइलचा नियम आला तेव्हा मला वाटलं, आता पंपाचा उलगडा होणार. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये छापलेला प्रयोग मोठा देखणा आहे. वाकवलेली काचेची नळी, तिचं आखूड टोक बंद, त्यात हवा कोंडलेली. लांब टोकातून पारा ओतत जायचं. ओतलेल्या पाऱ्याचा भार वातावरणाच्या दाबाइतका झाला, म्हणजे एकूण दाब दुप्पट झाला, की कोंडलेली हवा निम्म्या जागेत बसते. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात. पण नियमाच्या तोंडालाच ‘स्थिर तापमानाला’ अशी अट होती, आणि माझा पंप तर तापत होता! नियम माझ्या पंपाला बाहेर ठेवूनच सुरू होत होता.

उत्तर कॉलेजात मिळालं. हवा ट्यूबमध्ये नुसती भरून राहिलेली नसते, तिचे रेणू सतत धावत असतात. साध्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सरासरी साडेचारशे मीटरहून अधिक वेगाने पळतात, आणि एका घन सेंटिमीटरमध्ये ते किती, तर 25 वर 18 शून्यं. त्यांच्या भिंतीवरच्या धडकांची बेरीज म्हणजे दाब. जागा निम्मी केली की भिंतीला धडका दुपटीने बसतात, म्हणून बॉइल. तापवलं की रेणू जोरात पळतात, धडका वाढतात आणि त्यांतली प्रत्येक अधिक ठोस बसते, म्हणून दाब चढतो. आणि पंप? पुढे सरसावणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू आला त्याहून वेगाने परततो. दांडा खाली येताना वायसरवर आदळणारा प्रत्येक रेणू तसाच थोडा वेग घेऊन माघारी जातो. वाढलेली धाव म्हणजेच वाढलेलं तापमान. माझ्या पोटऱ्यांनी केलेली मेहनत पंपाच्या बुडाशी चटका होऊन बसत होती.

ही कल्पना डॅनियल बर्नुलीने 1738 मध्येच मांडली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. पुढे ती ज्यांनी नव्याने उभी केली त्यांतला एक माणूस मुंबईत राहत होता, हे मला फार उशिरा कळलं. जॉन जेम्स वॉटरस्टन हा मूळचा एडिंबरोचा. 1839 पासून तो मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवार पोरांना शिकवत असे. नोकरी सांभाळून त्याने वायूच्या रेणूंचं गणित मांडलं. तापमान रेणूच्या वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं, हे त्याच्या लिखाणात आहे. 1845 मध्ये त्याने तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. परीक्षकाने तो निव्वळ अर्थहीन ठरवला. छापणं राहिलंच, सोसायटीच्या रिवाजाप्रमाणे हस्तलिखितही परत मिळालं नाही, आणि वॉटरस्टनकडे दुसरी प्रत नव्हती. पुढे मॅक्सवेलने 1860 मध्ये याच वाटेने जाऊन नाव मिळवलं. वॉटरस्टन 1883 मध्ये एडिंबरोत घराबाहेर पडला तो परतलाच नाही. 1891 मध्ये लॉर्ड रॅलेंना सोसायटीच्या दप्तरात तो निबंध सापडला, आणि पुढच्या वर्षी छापला गेला. फोर्टातून जाताना आता मला हा माणूस आठवतो. मुंबईच्या दमट उकाड्यात बसून तो उष्णतेचंच गणित मांडत होता.

दाबाच्या काट्याशी माझी खरी गाठ पडली ती 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. आईसाठी घरी ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर आणला होता. तोवर सिलिंडर म्हणजे स्वयंपाकघरातला. तो किती उरलाय हे कधीच धड कळत नाही. आई त्याला ओलं फडकं फिरवायची. वरचा भाग लवकर सुके, खालचा ओला राही, आणि ती ओल जिथवर टिके तिथवर गॅस आहे असं समजायचं. यात शास्त्र आहे. या 14.2 किलोत बहुतेक सगळा द्रव असतो. वरची वाफ वापरली की द्रव उकळून तेवढीच नवी वाफ देतो. तापमान तेच असेल तर दाबही तोच राहतो, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. म्हणूनच शेगडी मध्येच, कणीक भिजवलेली असताना, अचानक मान टाकते.

ऑक्सिजनचं तसं नाही. उणे 118 अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. सिलिंडरमध्ये वायूच असतो, त्यामुळे काटा खोटं बोलत नाही. भरलेल्या जम्बोत काटा 150 वर, आत सुमारे 7 हजार लिटर. काटा 75 वर आला की निम्मा संपला. मिनिटाला 5 लिटर चालू असेल तर 700 मिनिटं उरली, म्हणजे साडेअकरा तासांहून जरा जास्त. रात्री मोबाइलच्या उजेडात काटा बघायचा, भागाकार करायचा, आणि पुढचा सिलिंडर किती वाजेपर्यंत दारात हवा ते ठरवायचं. त्या दिवसांत कुणाचाच शब्द भरवशाचा नव्हता. पुरवठादार ‘बघतो’ म्हणायचा, डॉक्टरही ‘बघू’ म्हणायचे. बॉइल तेवढा नेमकं उत्तर द्यायचा. भागाकार जुळला की मला तासभर तरी झोप लागे. आई बरी झाली. सिलिंडर परत केला तेव्हा काटा बघून ती म्हणाली, ‘‘हे आपल्या गॅसला का लावत नाहीत?’’

आता मी गाडी चालवतो. एक्सप्रेसवेवर मे महिन्यात हमखास एक दृश्य दिसतं. कुणीतरी थांबून टायरची हवा तपासतो, सकाळी 32 भरली होती ती 36 झालेली बघून दचकतो आणि चार कमी करतो. हिशेब सोपा आहे. सकाळी 30 अंशांना असलेली हवा धावून 55 अंशांवर गेली, म्हणजे केल्विनमध्ये 303 वरून 328, आठ टक्के वाढ. मीटरच्या आकड्यात वातावरणाचे साडेचौदा मिळवून ती वाढ लावली की 36 च येतात. टायरमध्ये जास्तीचं काही शिरलेलं नाही. उलट चार कमी केले की टायर मऊ पडतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो, जास्त तापतो. फुटण्याच्या भीतीने काढलेली हवाच टायर फुटायला हातभार लावते. हवा भरायची ती गार टायरमध्ये, निघण्याआधी.

त्यामुळे बंद भांड्यातल्या वायूचा काटा चढला की मी तीनच गोष्टी बघतो. आत भर पडली का, जागा कमी झाली का, की आतली धावपळ वाढली? भर पडली असेल तर काढावी, जागा कमी झाली असेल तर मोकळी करावी. नुसती धावपळ वाढली असेल तर हात लावू नये. गाडी सावलीत घ्यावी, चहा सांगावा आणि थांबावं.