तांबडी कुणाची?

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सर्वोच्च न्यायालयाचा कालचा आदेश सकाळीच टपरीवर पोचला होता. शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एस्टी स्टँड, रेल्वे स्टेशन इथले भटके कुत्रे उचला, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका. दिल्लीच्या कुत्र्यांबाबत ११ ऑगस्टला ‘सगळे उचला’ म्हटलं होतं आणि २२ तारखेला ते बदलून ‘पिसाळलेले आणि चावरे सोडून बाकीचे होते तिथेच सोडा’ झालं. मालवणच्या स्टँडवर फलाटाखाली झोपणाऱ्यांची नावं ड्रायव्हर-कंडक्टरांना पाठ. त्यांतला एक म्हणाला, “न्हेतले, पण ठेवतले खय?” टपरीवर कुणी बोललं नाही.

वाद जुनाच आहे. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत शिपायांनी बक्षिसासाठी कुत्री मारायला घेतली, पारशी चिडले, दंगल झाली, दुकानं बंद पडली, लष्कराला रसद मिळेना. आपण निदान चहा पीत भांडतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू होतं. पुण्याच्या एका कुटुंबाने लॅब्रेडोरचा पट्टा सोडला. जाळं काठाला लागायला आणि तो त्यात शिरायला एकच गाठ. जाळ्यातले पेडवे उडाले, एका रापणकराच्या पायात दोर अडकला आणि मालक मोबाइलवर शूटिंग करत उभे. आमच्या वाडीतल्या काकी ओरडल्या, “ओ भाऊ, आधी कुत्र्याक धरा, मगे फोटो काढा!” टाकलेल्या मासळीत एक केंड फुगून पडला होता. आमची गावठी कुत्री त्याला वळसा घालून जातात. केंड विषारी असतो हे त्यांना कोण सांगतं देव जाणे. लॅब्रेडोरने तो थेट तोंडात धरला. पोरांनी जबडा उघडून काढला म्हणून निभावलं.

मालक माणूस सज्जन. माफी मागितली, मग म्हणाले, शहरांत कुत्र्यांना मोकळं पळायला कुंपणाची जागा देतात, तशी इथे का नको? अशा बागा अमेरिकेत बर्कलीला १९७९ पासून आहेत. पण इथे एवढा किनारा पडलाय तो काही ओसाड नाही. सकाळी रापणकरांचा, दुपारी पर्यटकांचा, रात्री कासवांचा. पट्टा कधी सोडावा हे त्या त्या वेळी तिथे कोण आहे त्यावर ठरायला हवं.

२८ डिसेंबर, रविवार

तोंडवळीला गेले होते. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू थापते आणि निघून जाते. पिल्लं निघायला दीडेक महिना लागतो, थंडीत जास्त. तोवर राखण कासवमित्रांची. घरटं वेळेत सापडलं तर अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. हे सापडलं नव्हतं. उकरलेल्या खड्ड्याभोवती मऊ कवचं चुरगळून पडली होती, दोन-तीन अंड्यांतला बलक वाळूत मुरलेला, त्यावर मुंग्या. मी म्हटलं, भटके कुत्रे. तिथला पोरगा हसला. “भटके खयचे? पायाचे ठसे बघा बाई, वाडीकडेच गेले हत.”

२०२३ चे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम कुत्र्यांचे दोन भाग करतात: पाळीव, ज्याची जबाबदारी मालकावर; आणि रस्त्यावरचे, ज्यांची स्थानिक संस्थेवर. आमच्या वाडीतला कुत्रा दोन्हींत बसत नाही. त्याला नाव आहे, पडवीत गोणपाट आहे, दुपारी भात-आमटी आहे. रात्री तो स्वतःचा मालक. माझा मोत्या धरून.

मोत्याला आजपासून रात्री बांधते आहे. पहिला तास रडला. शेजारचे भाऊ खिडकीतून विचारून गेले, कुणी गेलं का म्हणून.

११ जानेवारी २०२६, रविवार

आमच्या खळ्यात वाडी जमली. मी एवढंच मांडलं: मार्चपर्यंत घरचे कुत्रे रात्री बांधायचे, रापणीच्या वेळी पाहुण्यांचे कुत्रे पट्ट्यात, हॉटेलवाल्यांनी उरलंसुरलं किनाऱ्यावर फेकायचं नाही. ‘किनाऱ्यावर नियम’ म्हटल्यावर जुने मच्छीमार सावध झाले. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून असा शब्द त्यांना सुखाने ऐकवत नाही. “आज कुत्रो बांधूक सांगतत, उद्या होडी बांधूक सांगतले.” त्यांना हसू नये. कागदावरचे नियम आधी त्यांनाच लागू झालेत.

शेवटी कुत्र्यांची यादी करायचं ठरलं, घरागणिक. मोत्या माझ्या नावावर, टायगर भाऊंच्या, राजा होमस्टेवाल्यांच्या. काम झरझर चाललं आणि तांबडीपाशी अडलं. तिला पाच पिल्लं आहेत, म्हणजे नसबंदी, लस, सगळा खर्च आला.

“ती तुमच्याकडे जेवता ना?”

“आमच्याकडे फकस्त सकाळची येता. दुपारी काकीकडे.”

काकी उसळल्या. “दुपारचा वाढलंय म्हणान माझी झाली? मगे रात्रीचा कोण घालता ता सांगा!”

रात्री मी घालते. तांबडी माझ्या नावावर लिहिली गेली. पिल्लांचं ठरवायला पुढच्या रविवारी भाऊंकडे बसायचं आहे.