मुल्लानपूरचा छोटा खंड्या

मुल्लानपूर म्हटलं की तुम्हाला क्रिकेटचं स्टेडियम आठवेल. चंदीगडला लागून असलेल्या या गावात २३ मार्च २०२४ रोजी आयपीएलचा पहिला सामना झाला. तिथे कधी गेलात, तर एक सकाळ राखून ठेवा आणि शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या सिसवां धरणाकडे जा.

काठावर गुपचूप उभे राहा. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर चिमणीएवढा, निळ्या पाठीचा, नारिंगी पोटाचा, लांब चोचीचा पक्षी दिसू शकतो. हाच छोटा खंड्या. आपल्याकडच्या ओढ्यांवरही तो असतो. चोचीचा खालचा भाग नारिंगी असेल, तर ती मादी!

तो दगडासारखा पाण्यात पडतो आणि क्षणात मासा घेऊन परततो. फांदीवर आपटून माशाला गार करतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर घशात अडकत नाहीत.

पण नुसते मासे असून त्याचं भागत नाही. तो झाडावर घरटं बांधत नाही. काठाच्या उभ्या मातीत चोचीने बोगदा खणून आतल्या टोकाला सहा-सात अंडी घालतो. काठाला सिमेंट लावलं की पाणी राहतं, मासे राहतात, खंड्याचं घर मात्र जातं.

मुल्लानपुरात आता ‘न्यू चंदीगड’ हे नवं शहर वाढतंय. आपल्या गावातही ओढ्याचं सुशोभीकरण निघालं, तर एवढंच म्हणा: थोडा काठ मातीचाच राहू द्या.