शिवणीतली माया

लंडनच्या फेंचर्च स्ट्रीट स्थानकातून निघालेली गाडी सुमारे अर्ध्या तासात पर्फ्लीटला पोहोचते. उंच इमारती मागे पडतात, रेनहॅमची पाणथळ कुरणे लागतात आणि पुढे टेम्स नदीवर १९९१ साली खुला झालेला राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या नावाचा पूल दिसू लागतो. गोदामे, धक्के आणि मालवाहू गाड्या यांचे हे गाव. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत त्याला सहसा स्थान नसते. तथापि रॉयल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर झळकणाऱ्या पोशाखांचे एक मोठे घर येथे आहे.

हाय हाउस नावाच्या जुन्या शेतवाडीच्या आवारात हे केंद्र वसले आहे. आवारात विटांचा एक अष्टकोनी कबुतरखाना आहे. आपल्या पेठांत कबुतरखाना म्हटला की दाणे टाकणारे हात आठवतात. इंग्लंडमधील जुने कबुतरखाने मात्र बहुधा मांसासाठी बांधले गेले. याच आवारात २०१० साली नेपथ्याची कार्यशाळा आणि २०१५ साली पोशाखांचे केंद्र सुरू झाले. साउथ एसेक्स कॉलेजच्या सहकार्याने येथे पोशाख-निर्मितीचे पदवीशिक्षणही दिले जाऊ लागले. २०१८ साली माझी पुतणी तेथे शिकत होती, त्या निमित्ताने मला ही जागा पाहता आली.

आमची सांगलीच्या कापडपेठेत तीन पिढ्यांची पेढी. ‘कापड विकणाऱ्या घरातील मुलीने शिवणकाम शिकायला एवढ्या दूर कशाला जावे?’ हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी अनेकदा विचारला होता. त्याचे उत्तर तिच्या टेबलावर पाहायला मिळाले. ती बॅले नर्तिकेची बॉडिस, म्हणजे घट्ट बसणारी कंचुकी, तयार करीत होती.

प्रथम मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडाची कच्ची प्रत शिवतात. ती अंगावर चढवून टाचण्यांनी दुरुस्त करतात, उसवतात, आणि त्या तुकड्यांवरून खरा बेत कागदावर उतरवतात. कंचुकी आठ-दहा उभ्या पट्ट्यांची असते. प्रत्येक पट्टीत कापडाचा उभा धागा ठरलेल्या दिशेनेच यावा लागतो. तो तिरका गेला तर घामाने आणि ओढीने कापड सैल पडते. वरच्या तलम कापडाच्या प्रत्येक पट्टीला आतून घट्ट विणीच्या सुती कापडाचा थर टाचतात आणि मग दोन्ही थर एकच समजून शिवतात. कमरेला आतून मजबूत फीत असते. दम लागलेल्या नर्तिकेच्या बरगड्या फुलाव्यात, हात सहज वर जावेत, जोडीदाराने कमरेला धरून उचलले तर त्याच्या तळव्याला खडा किंवा जर बोचू नये, इतका विचार त्या वीतभर वस्त्रात असतो. पाठीला चेन लावीत नाहीत. ती अडकली किंवा तुटली तर प्रयोगच अडेल. म्हणून हूक लावतात, आणि त्यांच्यासमोर फाशांच्या दोन-तीन रांगा.

‘रांगा एवढ्या कशासाठी?’ मी विचारले.

‘काका, आज ही एकीची आहे, उद्या दुसरीची होईल. बांधा बदलला तरी पोशाख तोच राहतो.’ तिने कंचुकी उलटी करून दाखवली. प्रत्येक शिवणीत रुंद माया सोडलेली होती. जुन्या पोशाखांच्या आत नर्तिकांच्या नावांच्या पट्ट्या असतात. एकीखाली दुसरी, तिसरी. शिक्षकही गुण देताना आधी आतली बाजू पाहतात, असे ती म्हणाली.

पूर्वी युरोपात अशा चोळ्यांना ताठपणा यावा म्हणून देवमाशाच्या तोंडातील पट्ट्या घालीत. आता पोलाद किंवा प्लॅस्टिक वापरतात. नाव मात्र ‘बोन’च राहिले. वरचे कापड रेशमी असण्याची प्रथा टिकून आहे. पुतणीने रेशमाऐवजी सुती साटीन वापरण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. दिव्यांच्या प्रकाशात रेशमाची झळाळी वेगळीच दिसते, हे तिने कबूल केले. उकळत्या पाण्यातील कोशांचा विचार मनातून जात नाही, हेही सांगितले. पूजेच्या रेशमी वस्त्रांविषयी आपल्याही समाजात दोन मते आहेत. आमच्या पेढीवर शालू आणि पैठण्या विकल्या जातात. त्याविषयी ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

कापडाची किंमत या रंगभूमीने एकदा फार जवळून अनुभवली आहे. युद्धकाळात कोव्हेंट गार्डनचे नाट्यगृह नृत्याचा सार्वजनिक हॉल झाले होते. २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते ‘स्लीपिंग ब्यूटी’ने पुन्हा उघडले. ऑलिव्हर मेसेल यांनी नेपथ्य आणि वेशभूषा योजली होती, मार्गो फॉन्टेन राजकन्या झाल्या होत्या. त्या वेळी ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग चालू होते. ते १९४९ पर्यंत टिकले. तशा टंचाईतही राजदरबाराचे वैभव रंगमंचावर उभे राहिले. अशा दिवसांत शिवणीत सोडलेले बोटभर कापडही मोलाचे ठरते.

आपण व्यापारी माणसे कापड मोजून देतो. मीटरमागे एक इंचही जास्त गेला तर हिशेबात खटकतो. येथे मात्र जाणूनबुजून जास्तीचे कापड आत दडवले जाते, आणि तेच पोशाखाचे आयुष्य वाढवते. एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंच्या बाजारात हा हिशेब मला अधिक खरा वाटला. आपल्या भाषेने या राखीव कापडाला ‘माया’ म्हणावे, यातही शहाणपण आहे. पुढे येणाऱ्या अनोळखी व्यक्तीसाठी आधीच ठेवलेली ती जागा असते.

आपल्या घरातील एखादे मूल हाताचे काम शिकू म्हणाले, तर त्याची बरोबरी पेढीच्या गादीशी करू नये. ज्या मालावर आपली घरे उभी राहिली, तो माल आतून कसा असतो, हे ते मूल आपल्याला शिकवू शकते.