घोड्यावरून दिसलेला देश

देशाटनाने शहाणपण येतं, हे आपल्याला शाळेच्या वयापासून तोंडपाठ असतं. राज्यकर्त्यांच्या बाबतीत तर आपण ते अधिकच मानतो. जग हिंडलेला माणूस कारभार नीट करील, असं आपण धरून चालतो. या समजुतीची कसोटी घ्यायला लॉर्ड कर्झनइतका योग्य माणूस मिळणं कठीण. हुजूर पक्षाचा हा तरुण १८८६ मध्ये पार्लमेंटमध्ये निवडून आला आणि पुढची आठ वर्षं फुरसत मिळेल तेव्हा पूर्वेची वाट धरत राहिला. मध्य आशियातली रशियाची नवी रेल्वे, इराण, चीन, जपान, कोरिया आणि शेवटी १८९४ मध्ये पामीरचं पठार नि काबूलच्या अमीराचा दरबार. पाठीच्या कण्याचं दुखणं कायमचं मागे लागलेलं, म्हणून अंगाला पोलादी पट्टा आवळलेला; तशा अवस्थेत त्याने इराणात टप्प्याटप्प्यावर टपालाची घोडी बदलत शेकडो मैल तुडवले. त्यातून १८९२ मध्ये दोन जाडजूड खंडांचा ग्रंथ निघाला. रस्ते, महसूल, फौज, बंदरं, व्यापार, काहीही त्यातून सुटलेलं नाही. आशिया इतका पायाखाली घालून हिंदुस्थानच्या गादीवर बसलेले व्हॉइसरॉय विरळाच.

त्या भ्रमंतीचं फळ हिंदुस्थानच्या पदरात पडलंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९०२ मध्ये जॉन मार्शलच्या हाती पुरातत्त्व खातं सोपवणं, १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा, ही कामं जुन्या वास्तूंपुढे मनापासून नतमस्तक झालेल्या माणसाची आहेत. ताजमहालात घुमटाखाली टांगलेला दिवा पाहावा. कैरोच्या जुन्या मशिदींतल्या दिव्यांच्या धर्तीवर कर्झनने तो तिथल्या कारागिरांकडून बनवून घेतला. काशाच्या अंगावर सोन्या-चांदीचं बारीक जडावकाम आहे. पूर्वजांनी उभारलेलं आपल्या मालकीचं नसतं, पुढच्यांसाठी ते आपल्याकडे ठेव म्हणून असतं, ही परंपरा मानणाऱ्या राजकारणातली सर्वांत उंच भावना त्या दिव्यात आहे. न्यायाची चाडही त्याला होती. रंगूनमध्ये गोऱ्या शिपायांनी एका ब्रह्मी स्त्रीवर अत्याचार केला आणि वरचे अधिकारी प्रकरण दडपू लागले, तेव्हा सगळ्या गोऱ्या समाजाचा रोष पत्करून त्याने ती पलटण एडनला धाडली. मग एवढ्या गुणी माणसाचं नाव बंगालमध्ये इतकं का विटलं? माझ्या मते त्याचं मूळ त्याच्या प्रवासाच्या रीतीतच आहे.

तुर्कस्तान, अफगाणिस्तान, इराण ही नावं म्हणजे जगाच्या सत्तेसाठी मांडलेल्या पटावरची मोहरी आहेत, असं त्याने इराणच्या ग्रंथात लिहून ठेवलं. पटावर पाहणाऱ्याला मोहरं उलटून प्रश्न विचारत नाही. कोरियात मात्र एका माणसाने त्याला साधा प्रश्न विचारला. परराष्ट्र खात्याच्या वृद्ध प्रमुखाने त्याचं वय विचारलं. कर्झन तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. तिथे वयाला मान आहे हे ठाऊक असल्याने त्याने चाळीस सांगितलं आणि आपण तरुण दिसतो याचं श्रेय राजेसाहेबांच्या मुलखातल्या हवेला दिलं. हा प्रसंग त्याने स्वतःच्या पुस्तकात खुशीने नोंदवला. पुढे ११ फेब्रुवारी १९०५ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, ऐकायला विद्यार्थी समोर बसलेले असताना, त्याने सांगितलं की सत्याचा उच्च आदर्श ही बऱ्याच अंशी पाश्चात्त्य कल्पना आहे. भगिनी निवेदितांनी ते पुस्तक शोधून दिलं आणि ‘अमृत बझार पत्रिके’ने कोरियाची हकिगत आणि ते भाषण शेजारी शेजारी छापलं. चारचौघांत कोणीही मारील अशी ती थाप होती, आणि तेवढ्यावरून मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. मला सलतं ते वेगळंच. परक्या मुलखात सत्य किती अवघड होतं, हे त्याने स्वतः अनुभवलं होतं. तरी त्या अनुभवाने त्याचं मत तसूभरही हललं नाही.

बंगालच्या फाळणीत हीच रीत दिसते. १९०४ च्या फेब्रुवारीत तो चितगाव, ढाका, मैमनसिंग असा दौरा करून आला. लोकांचा विरोध त्याच्या कानांवर पडला होता, आणि तरी परत आल्यावर योजना आवरण्याऐवजी वाढली. सुरुवातीला ठरलेल्या जिल्ह्यांत आणखी मुलूख जोडला गेला आणि १६ ऑक्टोबर १९०५ ला फाळणी अमलात आली. कर्झनच्या बाजूने म्हणतात की पावणेआठ कोटींचा प्रांत एका लेफ्टनंट गव्हर्नरला आवरत नव्हता. ते खरंच आहे. पण बिहार आणि ओरिसा वेगळे काढूनही तो भार हलका होत होता, आणि फाळणी रद्द झाल्यावर १९१२ मध्ये नेमकं तेच केलं गेलं. शतकानुशतकं घडत आलेल्या जुन्या गोष्टीला हात लावताना दहादा विचार करावा, ही ज्या पक्षाची शिकवण, त्याच्या माणसाला दगडी कबर जुनी आणि पूज्य वाटली. एका भाषेत बोलणारा, एकत्र वाढलेला जिता समाज तसा वाटला नाही.

म्हणजे प्रवास निरर्थकच का? एडमंड बर्ककडे पाहिलं तर तसं वाटू शकतं. इंग्रजी परंपरावादाचा हा आद्य पुरुष हिंदुस्थानात कधीच आला नाही, तरी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविरुद्ध जेवढ्या कळकळीने तो उभा राहिला तेवढं क्वचितच कोणी राहिलं. कंपनीचा माजी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्यावरचा खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला आणि आरोपी सुटला, तरी त्याने हात टेकले नाहीत. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. १७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांचे वकील लंडनला गेले होते. त्यांतल्या ब्राह्मण हनुमंतरावांचं सोवळंओवळं परमुलखात निभेना, तेव्हा बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि त्यांना आपल्या नियमाने स्वयंपाक करता यावा म्हणून झाडांसाठी बांधलेलं काचघर मोकळं करून दिलं. परका देश दारी आला आणि त्याच्यासाठी यजमानाने घर बदललं. मैल मोजले तर हा प्रवास काहीच नाही. पण कर्झनच्या हजारो मैलांत जे मला सापडत नाही ते इथे सापडतं: समोरच्या माणसाच्या अटीवर त्याला भेटण्याची तयारी.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना हा फरक नेमका कळला होता. कर्झनची बुद्धी, त्याची मेहनत त्यांनी मोकळेपणाने मान्य केली आणि १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्याच्या राजवटीची तुलना औरंगजेबाच्या राजवटीशी केली. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज सुरू केला. सभासदाला पाच वर्षं शिकाऊ म्हणून राहायचं होतं आणि त्या शिक्षणात अभ्यासाबरोबर देशभर फिरणंही होतं. दहा वर्षांनी आफ्रिकेहून परतलेल्या गांधींना त्यांनी एकच गोष्ट सांगितली: वर्षभर देश फिरा, तोवर जाहीर मत देऊ नका. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. गांधींनी ते वर्ष पाळलं, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, गर्दीत बसून.