पाणचक्कीच्या काठावर

मेहमूद दरवाज्यातून मी रोज दोनदा जाते. सकाळी शाळेत जाताना आणि दुपारी परतताना. दरवाजा अरुंद, त्यामुळे रिक्षा तिथे हमखास अडकते. शेजारीच पाणचक्की. जग बघायला येतं ती जागा माझ्यासाठी अकरा वर्षं फक्त रिक्षा अडकण्याचं ठिकाण होती. पाठाच्या टाचणात ‘विद्यार्थ्यांची निरीक्षणशक्ती वाढवणे’ हे उद्दिष्ट मी किती वेळा लिहिलं असेल, त्याचा हिशेब नाही. बाईंची निरीक्षणशक्ती मात्र कुणी तपासली नाही.

मागच्या वर्षी अम्मीचा इंतकाल झाला. चाळीसावा झाला, पाहुणे गेले, आणि मग घरात खरी शांतता पसरली. अब्बा तख्तावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवलात? हो. चहा? नको. संपलं बोलणं. मीही शाळा, स्वयंपाक, वह्या, झोप, एवढ्यावर आले होते. लोक सब्र करा म्हणायचे, आणि सब्र आम्ही करतच होतो. पण सब्र करणाऱ्या माणसाला दिवसभर करायला काहीतरी लागतं, हे कुणी सांगत नव्हतं.

डॉक्टरांनी अब्बांना रोज थोडं चालवा म्हणून सांगितलं. जानेवारीतला शनिवार होता, सकाळची शाळा होती. दुपारी त्यांना रिक्षात घातलं आणि पाणचक्कीला नेलं. जागा जवळ, सपाट, आणि बसायला सावली, एवढाच माझा विचार.

तिकीट काढून आत गेलो. समोर मोठा हौद, आणि त्यात उंच भिंतीवरून पडणारं पाणी. हे पाणी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूने काही किलोमीटर जमिनीखालून येतं, मातीच्या नळांतून. आपल्या शहराला नहरींची वाट मलिक अंबरने दाखवली. पाणचक्कीची नहर त्याच्यानंतरची. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहात येणाऱ्या मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी इथे पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जायचं. बाबा स्वतः बुखाऱ्याच्या मुलखातून आलेले. सहावीच्या मुलांना मी हे सगळं सांगते. सांगताना फळ्याकडे बघते.

अब्बा हौदाच्या काठावर बसले. मी मोबाईल काढून शाळेच्या ग्रुपवरचे निरोप वाचू लागले. दहा मिनिटं गेली असतील.

“तिथं धागा तुटतोय,” अब्बा म्हणाले.

कितीतरी आठवड्यांनी त्यांनी आपणहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मला वाटलं, तब्येत बिघडली. त्यांनी बोट दाखवलं. भिंतीवरून पडणारं पाणी सलग पडद्यासारखं होतं, पण डावीकडे दगडावर शेवाळाचा एक गोळा होता आणि तिथे पडदा दुभंगत होता. खाली येईपर्यंत दोन्ही बाजू पुन्हा जुळत होत्या. “बघ, खाली आपोआप सांधतंय. आमच्या मागावर असं कधी झालं नाही!”

अब्बा हिमरूचे कारागीर. सूत आणि रेशीम मिळून विणलेलं ते कापड, त्याची फुलं, वेलबुट्टी, हे एके काळी आपल्या शहराचं नाव होतं. आता माग मोजकेच उरलेत. माग बंद झाला तेव्हा अब्बांनी कुरकुर केली नाही, किराणा दुकानात हिशेब लिहू लागले. पण डोळा विणकराचाच राहिला. त्या दिवशी ते ताणा-बाणा, वर बसून दोऱ्या ओढणारा पोरगा, त्याला लागणारी डुलकी, सगळं सांगत सुटले. मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

मग आम्ही खालच्या दालनात उतरलो. या दालनाचं छत म्हणजेच वरच्या हौदाचा तळ. उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो, कारण डोक्यावर पाणी साठलेलं. कुठल्यातरी गावाहून आलेला एक छोटा मुलगा आईला ओरडून म्हणाला, “आई, आपल्या डोक्यावरून मासे चाललेत!” सगळे हसले. अब्बाही हसले. बरेच दिवस न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखं काहीसं वाजलं ते.

वर येऊन वडाखाली बसलो. सहाशे वर्षांचा म्हणतात त्याला. वय कुणी मोजलं ते ठाऊक नाही, पण त्याच्या सावलीत आमच्यासारखे बरेच मावत होते. बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. अब्बांनी बशीत ओतून फुंकर मारली आणि सहज म्हणाले, “तुझी अम्मी इथं यायची तेव्हा हौदात पाय सोडायची. चौकीदार ओरडायचा. ती म्हणायची, पाय धुतेय, पाप नाही.” अम्मीचं नाव घरात इतके दिवस आम्ही टाळत होतो. ते इथे, चहाच्या बशीवरून, आपोआप आलं.

त्या रात्रीपासून दस्तरखानावर एक नियम झाला. प्रत्येकाने आज पाहिलेली, ऐकलेली किंवा हुंगलेली एक चांगली गोष्ट सांगायची. विकत घेतलेली वस्तू चालणार नाही. माझ्या थोरल्याने डोळे फिरवले. सोळा वर्षांच्या मुलाकडून तेवढं अपेक्षितच असतं. धाकटी म्हणाली, नानच्या भट्टीवरून जाताना आलेला वास. मी मेहमूद दरवाज्यात अडकलेल्या शेळीबद्दल सांगितलं. दोन्हीकडच्या रिक्षा थांबलेल्या आणि ती मधोमध निवांत रवंथ करतेय.

बहिणींनो, यातून दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. काही रात्री कुणाकडेच काही नसतं. अब्बा कधी कधी अजूनही भिंतीकडे तोंड करून बसतात, त्यांच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या मी वेळेवर देते. पण आता शाळेत जाताना मी रात्रीसाठी काहीतरी शोधत असते, आणि शोधणाऱ्याला काही ना काही सापडतं. परवा रिक्षावाल्याच्या कानावर खोचलेलं जाईचं फूल सापडलं. त्याला विचारलं, तर म्हणाला, मुलीने लावलंय, संध्याकाळपर्यंत काढायचं नाही अशी ताकीद आहे.

गेल्या जुम्म्याला अब्बांची पाळी शेवटी आली. ते उठले, आत गेले आणि अम्मीची हिमरूची शाल घेऊन आले. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः विणलेली. “यात मी एक फूल उलटं विणलं होतं. तिने ते ओळखलं होतं, पण कुठं आहे ते मला कधी सांगितलं नाही. आज दुपारी सापडलं.”

“कुठंय?” थोरल्यानेच पहिल्यांदा विचारलं.

अब्बांनी सांगितलं नाही. शाल उलगडून आम्हा तिघांच्या हातात दिली. इशाची अजान झाली तरी आम्ही ती दिव्याखाली धरून ते फूल शोधत होतो.