नव्या धर्तीचीं घरें

हल्लीं घरबांधणीच्या नवनव्या तऱ्हा निघाल्या आहेत. कोठें कांचेच्या भिंती दिसतात, कोठें जहाजाच्या आकाराचा बंगला, तर कोठें साध्या दोन खोल्यांपुढें ग्रीक देवळासारखे खांब. अशा घरांचीं चित्रें पाहून आमचे विद्यार्थी विचारतात, "सर, घर असेंही बांधतां येतें काय?" प्रश्न उत्तम आहे, परंतु त्याच्या पाठीमागें उभा असलेला दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. घर वेगळें बांधावयाचें तें कशासाठीं? पाहणारानें थक्क व्हावें म्हणून, कीं राहणारास सुख व्हावें म्हणून?

हा प्रश्न आमच्यापुढें केवळ चर्चेपुरता नाहीं. गांवाबाहेर आमची लहानशी जागा आहे, आणि शिक्षकाच्या वेतनांतून शिल्लक टाकलेल्या पैशांत तीवर घर उभारावयाचें आहे. मध्यंतरीं परगांवीं एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांचें घर नवें, दर्शनी बाजू सबंध कांचेची, दिवाणखान्यांत संगमरवरी फरशी. पण दुपारीं तेथें बसवेना, इतकें ऊन आंत येई. त्यांची कन्या मागल्या बाजूस स्वयंपाकघरांत ओट्याजवळ बसून अभ्यास करीत होती. निघतांना स्नेही हळूच म्हणाले, "कर्जाचे हप्ते जाऊन हातीं कांहीं उरत नाहीं. मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायचें होतें. तें यंदा राहिलें." बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला आम्हीं कैक वेळां शिकविला आहे. त्या हिशेबांत सिमेंट व लोखंड यांखेरीज एखाद्या मुलीचें शिक्षणही मांडावें लागतें, हें त्या दिवशीं डोळ्यांपुढें उभें राहिलें.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही तिरुवनंतपुरमास गेलों. तेथें रेल्वे स्टेशनाजवळ 'इंडियन कॉफी हाउस'ची तांबडी, वर्तुळाकार इमारत आहे. तिला आंत नेहमींसारखे मजले नाहींत. एकच चढ गोल फिरत फिरत वर जातो, आणि त्याच्या कडेनें बाहेरच्या भिंतीला लागून बांधकामाचींच बांकें व टेबलें केलेलीं आहेत. भिंतींतील झरोक्यांतून वारा खेळतो. अशी विलक्षण इमारत आम्हीं पूर्वीं पाहिली नव्हती. आणि तरी तींत बसून थोडक्या पैशांत कॉफी घेणारीं माणसें अगदीं सामान्य होतीं. ती रचणारे गृहस्थ लॉरी बेकर. त्यांचें चरित्र आमच्या शाळेंतील मुलांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

बेकर हे १९१७ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें जन्मले. ते क्वेकर पंथाचे. शिल्पशास्त्राचें शिक्षण संपवून दुसऱ्या महायुद्धांत हत्यार हातीं न धरतां ते चीनमध्यें रोग्यांची व जखमींची सेवा करीत होते. मायदेशीं परततांना मुंबईस जहाजाची वाट पाहत त्यांस थांबावें लागलें, आणि तेथें त्यांची गांधीजींशीं भेट झाली. घराचें सर्व साहित्य पांच मैलांच्या परिघांत मिळणारें असावें, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनांत कायमचा रुजला. १९४५ सालीं कुष्ठरोग्यांसाठीं काम करणाऱ्या मिशनचे शिल्पकार म्हणून ते हिंदुस्थानांत आले. केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशीं १९४८ सालीं त्यांचा विवाह झाला. उभयतांनीं हिमालयांत पिथोरागड येथें दीर्घकाळ सेवा केली व पुढें तीं केरळांत स्थायिक झालीं. १९९० सालीं भारत सरकारनें बेकर यांस पद्मश्री दिली. १ एप्रिल २००७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

पहाडांतील लोक दगड, माती व लांकूड यांनींच भक्कम घरें बांधतात, हें पाहून आपली विद्या त्यांच्यापुढें तोकडी आहे असें बेकर यांस वाटलें, आणि ते त्यांच्यापासून शिकूं लागले. त्यांचा वेगळेपणा असा गरजेंतून जन्मला. त्यांच्या कांहीं युक्त्या येथें सांगतों. विद्यार्थ्यांस त्यांत गणित व पदार्थविज्ञान दोन्ही सांपडतील.

पहिली युक्ति भिंतीची. विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या रचावयाच्या, म्हणजे भिंतीच्या पोटांत पोकळी राहते. या पोकळींतील हवेमुळें उन्हाचा ताप आंत कमी येतो, आणि नऊ इंची भिंतीस सुमारें चतुर्थांश विटा कमी लागतात. दुसरी युक्ति स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागांतील काँक्रीटला ताण सहन होत नाहीं. तो भार लोखंडी सळया वाहतात. मग तेथें सारेंच काँक्रीट कशाला? सळयांच्या मधल्या जागेंत बेकर जुनीं मंगलोरी कौलें बसवीत. या कौलांचा कारखाना एकोणिसाव्या शतकांत मंगळूरास बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनीं काढला होता, ही गोष्टही येथें आठवते. तिसरी युक्ति वळणाची. चाळीस फूट लांबीच्या भिंतीनें चौरस खोली केली तर आंत शंभर चौरस फूट जागा मिळते. तीच भिंत वर्तुळाकार केली तर सुमारें एकशें सत्तावीस. शिवाय कागद सरळ उभा राहत नाहीं, पण घडी घातली कीं राहतो. तशी नागमोडी भिंत कमी जाडीची असूनही टिकते. जागेंत झाड असेल तर बेकर झाड न तोडतां भिंतीलाच वळण देत.

आमच्या गवंडीमामांस हें सर्व सांगतांच ते हंसले. "सर, गिलावा केला नाहीं तर लोक म्हणतील, सरांचे पैसे संपले!" आमच्या पत्नीनें उत्तर दिलें, "मामा, लोक रस्त्यावरून जाणार, आम्ही आंत राहणार. मला सकाळचें ऊन स्वयंपाकघरांत हवें, आणि भांडीं घासायला जागा हवी. तेवढें आधीं पाहा." शेवटीं परीक्षेदाखल कोठीची खोली त्या रीतीनें बांधावयाचें ठरलें. मामांनीं नेहमींच्या अंदाजानें विटा आणविल्या होत्या. काम झालें तेव्हां बराच ढीग शिल्लक होता. परंतु आमच्या मनावर ठसली ती दुसरीच गोष्ट. गिलाव्याखालीं वांकडी ओळ झांकतां येते. उघड्या भिंतींत प्रत्येक वीट आपल्या कारागिराविषयीं साक्ष देते. दुसऱ्या दिवसापासून मामा प्रत्येक थराला ओळंबा लावून पाहूं लागले, आणि सायंकाळीं सांधे साफ केल्यावांचून घरीं जाईनात.

अशा प्रयोगांस महाराष्ट्र परका नाहीं. गोव्याकडील ख्रिस्ती घराण्यांतील प्रसिद्ध शिल्पकार चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत नव्या मुंबईंत बेलापूर येथें एक वसाहत रचली. तींत सात-सात घरें एका चौकाभोंवतीं असून कोणाचीही भिंत शेजाऱ्याशीं सामाईक नाहीं. हेतु हा कीं, कुटुंब वाढेल तसें घरही वाढवितां यावें. पुढें अनेकांनीं तेथील मूळचीं लहान घरें बदलून मोठीं केलीं. पुण्यास १९६७ सालीं जन्मलेल्या अनुपमा कुंडू यांनीं ऑरोव्हिल येथील आपल्या घराच्या छपरांत कुंभाराचीं मातीचीं भांडीं योजिलीं आहेत.

या पद्धतींत अडचणी नाहींत असें नव्हे. झरोक्यांतून धूळ व डांस आंत येतात. वीट कच्ची असेल तर उघडी भिंत पावसांत झिजते. हें काम जाणणारे गवंडीही थोडे. म्हणून केरळची तांबडी भिंत जशीच्या तशी येथें उचलून आणणें हेंही एक प्रकारचें दिखाऊपणच होईल. कोंकणांत जांभ्याचा चिरा आहे, देशावर काळा दगड आहे. बेकर आज आमच्या गांवीं असते तर त्यांनीं आधीं येथील माती हातांत घेऊन पाहिली असती, आणि घरांतील माणसें कोठें बसतात, कोठें निजतात हें विचारलें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण पुढें शिल्पकार व्हाल, कांहीं गवंडी, आणि बहुतेक जण कधींना कधीं आपलें घर बांधाल. त्या वेळीं जगानें न पाहिलेलें असें कांहीं करण्याची हौस जरूर धरा. मात्र नकाशा काढण्यापूर्वीं एक खूण करा: घरांतील सर्वांत लहान मूल अभ्यासाला कोठें बसेल, ती जागा आधीं आंखा. तेथें उजेड व वारा पोंचला कीं बाकीच्या भिंती वाटेल तशा वळवा. पालकांसही आमची हीच नम्र विनंति आहे.